गुडघेताईंचा अंगठा

गुडघेताईंना चिडायला कारण लागत नाही, असं त्यांचे यजमान म्हणत. हे साफ खोटं आहे. कारण लागायचं, फक्त ते त्यांना चटकन सापडायचं. रस्त्यात पडलेली नाणी जशी एखाद्यालाच दिसतात, तशी चिडण्याजोगी माणसं ताईंना दिसत. पण ज्या रागाची ही गोष्ट आहे, तो त्यांनी शोधून काढलेला नव्हता. तो कितीतरी वर्षं त्यांच्या उजव्या अंगठ्यात गुपचूप जमत होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीच्या पलीकडे, जिथे कॉरिडॉर संपतो आणि मोडक्या चाकांच्या खुर्च्या सुरू होतात, तिथे फिजिओथेरपीचा विभाग होता. हिरव्या पडद्यांनी पाडलेले खण, चालायला शिकण्यासाठी दोन समांतर दांड्या, वाळूच्या पिशव्यांची वजनं, आणि भिंतीवर सांगाड्याचं एक मोठं चित्र. त्या चित्रातल्या गुडघ्यांचा रंग पार उडाला होता. येणारा प्रत्येक जण त्यावर बोट टेकवून "इथे, बरोब्बर इथे" म्हणायचा. बाकीचा सांगाडा धडधाकट दिसायचा, गुडघे तेवढे गायब.

शेवटच्या खणात ताईंचं स्टूल होतं आणि शेजारी ट्रॉलीवर ध्वनिलहरींचं मशीन. जेवणाच्या डब्याएवढं खोकं, त्यातून निघालेली वायर, वायरीच्या टोकाला हातात धरायची धातूची चकती. दुखऱ्या गुडघ्यावर औषधी जेल चोपडायचं, त्यावर चकती टेकवायची आणि गोल गोल फिरवत राहायचं. चकतीतून इतक्या वरच्या पट्टीतला आवाज निघतो की माणसाच्या कानाला तो ऐकूच येत नाही. त्याच्या थरथरीने औषध कातडीतून आत सरकतं. ताई दिवसभर हेच काम करत. लोकांचे चेहरे त्या विसरत, गुडघे मात्र विसरत नसत. बाजारात कुणी हटकून ओळख दाखवली, तर त्या आधी खाली पाहत आणि मग म्हणत, "अय्या, तुम्ही होय!" म्हणून सगळे त्यांना गुडघेताई म्हणत. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं वापरात यायचं.

या मशीनची एकच अडचण होती. ते चालू आहे की बंद, हे पेशंटला कळायला काही मार्गच नव्हता. आवाज नाही, मुंग्या नाहीत, झटका नाही. पैसे खर्चून, जिने उतरून, पायजमा वर करून माणूस झोपलाय आणि त्याच्या गुडघ्यावरून थंडगार काहीतरी फिरतंय. तो दोन मिनिटांनी मान उचलून विचारणारच, "ताई, चालू आहे ना?"

ताईंच्या यजमानांचं लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. ते म्हणत, "आमच्याकडे ज्याचा आवाज येत नाही ते दुरुस्तीला येतं. तुमच्याकडे ज्याचा आवाज येत नाही ते चालू असतं. एकाच घरात दोन शास्त्रं कशी नांदायची गं?"

ताईंनी त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. त्या दाबत. ज्या बाईंकडून त्यांना हे स्टूल मिळालं, त्यांनी पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला होता. "आवाज काय, कुठेही भरकटतो. त्याला आत ढकलायला हात लागतो. दाबायचं." ताईंनी तो मंत्र असा पाळला की चकतीवर रेललेला त्यांचा अंगठा मागे वाकून धनुष्य व्हायचा. पेशंट "आई गं" म्हणाला की त्यांना समाधान वाटे. म्हणजे पोचलं. शहरभर त्यांच्या हाताचं नाव झालं. रिटायर झालेले एक पोस्टमन काका तर दुसऱ्या कुणाला गुडघ्याला हातच लावू देत नसत. "बाकीच्या नुसत्या इस्त्री फिरवतात. ताईंचा हात कसा, जड! तिकीट चिकटवल्यासारखा."

जड हात ही त्या विभागातली सगळ्यात मोठी शाबासकी होती. विभागाचे मोठे डॉक्टर फेरीला आले की पडदा बाजूला करून क्षणभर पाहत, हसत, "चालू द्या, ताई" म्हणत आणि जात. ताई त्या दिवशी आणखी दाबत.

घरी मात्र वेगळंच काही चाललं होतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटापाशी, एक ठणका येऊन बसला होता. किल्ली फिरवताना यायचा, कपडे पिळताना यायचा. पुढे पुढे बरणीचं झाकण उघडताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. ताईंनी हे कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांचे सांधे बरे करणाऱ्या बाईने स्वतःचा सांधा दाखवत फिरायचं म्हणजे शोभतं का? उलट त्या यजमानांवर खेकसत, "अहो, बरण्यांची झाकणं घट्ट लावत जा हो! सगळी ढिली. एक दिवस साखर मुंग्या घेऊन जातील." यजमान "बरं" म्हणत. सकाळी ताईंच्या आधी उठून सगळी झाकणं आपणच सैल करून ठेवतो, हे ते बोलले नाहीत.

अशात विभागात नव्या मॅडम आल्या. संशोधन करणाऱ्या डॉक्टर, अंगाने काडी, बोलणं मऊ. प्लास्टरचं सामान ठेवायची खोली रिकामी करून त्यांना दिली गेली. त्यांनी पहिल्याच दिवशी ताईंना चहा पाजला आणि आपलं काम समजावून सांगितलं.

"हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते ना, कूर्चा, तिच्यात रक्ताची एकही नळी जात नाही. त्यामुळे पोटातून घेतलेलं औषध तिथे जेमतेम पोचतं. सुईने सांध्यात सोडलं तरी ते गादीच्या बाहेरच घुटमळतं. आत शिरायच्या आधीच सांध्यातलं पाणी त्याला वाहून नेतं."

"म्हणजे पाहुणा दारापर्यंत आला, पण कडी कुणी काढलीच नाही," ताई म्हणाल्या.

"अगदी! आपण सुईने औषध सोडायचं आणि बाहेरून ध्वनिलहरी द्यायच्या. आतलं पाणी त्याने घुसळलं जातं आणि औषध गादीत मुरतं. प्रयोगशाळेत जमलंय. आता माणसांच्या गुडघ्यांत किती जमतं ते पाहायचं. आणि ताई, मशीनवर तुम्हीच हव्यात. सगळे म्हणतात, तुमच्यासारखा हात नाही."

ताईंची छाती फुगली. नवं मशीनही देखणं होतं, पांढरंशुभ्र. चकतीच्या मुठीवर एक बारीकसा दिवा होता. "हे काय?" ताईंनी विचारलं.

"चकती नीट टेकली की हिरवा. जास्त दाबली की लाल. सगळ्या पेशंटना सारखीच लहर मिळायला हवी ना, म्हणून."

सरावासाठी मॅडमनी स्वतःचा गुडघा पुढे केला. ताईंनी जेल लावलं, चकती टेकवली. लाल. हात सावरला. लाल. श्वास रोखून, जीभ दातांत धरून, नव्या नवरीसारखा हळुवार हात लावला. दिवा डोळा मिचकावल्यासारखा क्षणभर हिरवा झाला आणि पुन्हा लाल.

"दिवा बिघडलाय," ताई म्हणाल्या.

मॅडमनी चकती घेऊन स्वतः फिरवली. हिरवा, हिरवा, हिरवा.

दोन दिवस हेच चाललं. विभागातल्या इतर जणी पडद्याआडून पाहायला लागल्या. शेवटी मॅडम खूप चाचरत म्हणाल्या, "ताई, दिवा लाल झाला की त्या पेशंटचं सगळं बाद धरावं लागतं. सोमवारी पहिले पेशंट येतील. तोवर जमलं नाही, तर मशीनवर दुसऱ्या कुणाला तरी... तुम्ही व्यायामाचं बघाल का? वाळूच्या पिशव्यांचं?"

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, हे त्या दिवशी प्लास्टरच्या खोलीने पाहिलं. "पिशव्या? मी पिशव्या उचलू? अहो, हे स्टूल माझं आहे! त्याच्या गादीला माझा आकार आलाय! या एवढ्याशा दिव्याने मला शिकवायचं? दाबल्याशिवाय औषध आत जातंच कसं, ते दाखवा मला. दाखवाच!"

"दाखवते," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खाटकाकडून बकऱ्याच्या पायाचा सांधा आणला. त्यावरच्या पांढऱ्या, चकचकीत कूर्चेचे दोन सारखे तुकडे काढले आणि उथळ वाट्यांत निळ्या रंगाच्या पाण्यात ठेवले. एका वाटीवर त्यांनी हलकेच चकती धरली, लहर चालू करून. दुसरी वाटी ताईंसमोर सरकवली.

"माझं मशीन बंद ठेवा," ताईंनी ठणकावलं. "लहर नको, काही नको. नुसता माझा हात. बघू या कोण जिंकतं."

आणि त्या रेलल्या. एवढ्या वर्षांचं नाव, पोस्टमन काकांची शाबासकी, मोठ्या डॉक्टरांचं "चालू द्या", सगळं त्या अंगठ्यावर टाकून रेलल्या. कपाळावर घाम आला. वाटी टेबलावर किरकिरली. मॅडमनी "पुरे" म्हटलं, तरी त्या थांबल्या नाहीत. मग अचानक अंगठ्यातून कोपरापर्यंत अशी कळ गेली की त्यांच्या तोंडून "आई गं" बाहेर पडलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला तो शब्द त्यांना आपल्याच आवाजात ओळखू येईना.

मॅडमनी दोन्ही तुकडे धुतले, पुसले आणि ब्लेडने मधोमध कापले. लहरीच्या तुकड्यात निळा रंग टीपकागदात शाई उतरावी तसा खोल गेला होता. ताईंच्या तुकड्यावर तो नुसता वरवर होता. आतून तुकडा कोरा करकरीत. पांढरा. जणू ताई तिथे कधी नव्हत्याच.

ताईंनी तो तुकडा उलटून पाहिला. मग म्हणाल्या, "आणि माझे इतके लोक बरे झाले, ते?"

"लहरीने थोडे झाले असतील. औषधाने, व्यायामाने. आणि तुम्ही दाबलंत की त्यांना वाटायचं, कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी करतंय. तेही खोटं नाही, ताई." मग मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला आणि अंगठ्याचं मूळ जरासं चाचपलं. ताईंनी हात ओढून घेतला, पण चेहरा लपवता आला नाही. "हे केव्हापासून आहे? ताई, तुमच्या अंगठ्याची कूर्चा झिजलीय. चकतीवर रेलून रेलून."

जे दाबणं कुणाच्या गुडघ्यात गेलं नाही, ते सगळं ताईंच्याच अंगठ्यात जाऊन बसलं होतं.

आता इथे रडणारी माणसं असतात. ताई त्यातल्या नव्हत्या. त्या उठल्या, जेलचा हात ॲप्रनला पुसला आणि थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. डॉक्टर डबा खात होते.

"साहेब, दाबून काही होत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

डॉक्टरांचा घास हातातच राहिला. "कशाबद्दल बोलताय, ताई?"

"चकती! चकती दाबून औषध आत जात नाही. नुसती टेकवायची असते. माहीत होतं की नव्हतं?"

"म्हणजे... पुस्तकात आहेच ते. तसं सगळ्यांनाच—"

"सगळ्यांना! मग मला का नाही? तुम्ही पडदा बाजूला करत होतात, माझा अंगठा उलटा वाकलेला बघत होतात आणि म्हणत होतात, चालू द्या!"

डॉक्टर खरोखरच भला माणूस. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, चष्मा काढला आणि भल्या माणसांनाच सुचतं असं उत्तर दिलं. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. पेशंटला बरं वाटावं म्हणून करता. पेशंट इतके खूश होते, ताई. एकाचीही तक्रार नाही. मग मी कशाला मध्ये बोलू?"

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि का होऊ नये? एखाद्याने वाईट बुद्धीने केलं असतं, तर निदान भांडायला एक माणूस मिळाला असता. इथे सगळेच चांगले! ज्या बाईंनी शिकवलं त्या चांगल्या, पोस्टमन काका चांगले, साहेब चांगले. एवढ्या चांगल्या माणसांनी मिळून एका बाईचा अंगठा खाल्ला आणि वर ढेकरही दिली नाही. कौतुक करायला सगळ्यांना तोंड होतं, "अहो, जरा हळू" एवढे तीन शब्द बोलायला मात्र सगळ्यांनी तोंडात गुळणी धरली होती.

"तक्रार नाही कशी?" ताई म्हणाल्या. "हा काय इथे तक्रार करतोय रोज. बघा!" आणि त्यांनी तो अंगठा साहेबांच्या डब्यासमोर धरला.

डॉक्टर ओशाळले. "नव्या अभ्यासात पेशंट म्हणून तुमचं नाव घालायला सांगू का?"

मागोमाग धावत आलेल्या मॅडम दारातच थबकल्या. "सर, तो अभ्यास फक्त गुडघ्यांचा आहे. अंगठा बसत नाही त्यात. पुढचा अभ्यास झाला तर मी नक्की..."

"पुढच्या अभ्यासापर्यंत हा थांबणार आहे का?" ताईंनी विचारलं. "सबंध शहराचे गुडघे मी बघायचे आणि माझा नंबर आला की म्हणे, फक्त गुडघे! वा!"

त्या संध्याकाळी घरी भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने वाजली. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. मधे मधे "बरोबर आहे", "हो ना" असं घालत राहिले. संसारात ही हलक्या हाताची कला त्यांना आधीच साधली होती. शेवटी ताई म्हणाल्या, "सोमवारी मला पिशव्यांवर बसवतील. माझ्या हाताला हलकं माहीतच नाही हो. हात टेकला की दाबतोच."

यजमान उठले आणि ताईंना शेजारच्या आपल्या दुकानात घेऊन गेले. बाकावर एक उघडा स्पीकर पडला होता, मधे काळ्या कागदाची वाटी. त्यांनी गाणं लावलं आणि आवाज जवळजवळ बंद केला. "यावर बोट ठेव."

ताईंनी ठेवलं. गाणं मेलं.

"दाबलंस. कागद दाबला की आवाज गुदमरतो. नुसतं टेकव. आहे का नाही, एवढंच विचार त्याला."

"मी काय त्याला विचारू? आणि आजवर हे का नाही सांगितलंत?"

"मला काय माहीत तू तिकडे दाबतेस ते! घरी तर तू ओरडतेस नुसती."

ताई हसल्या नाहीत, पण बोट पुन्हा ठेवलं. गाणं मेलं. पुन्हा ठेवलं. तावातावाने, साहेबांना, मॅडमना, त्या जुन्या बाईंना मनातल्या मनात फैलावर घेत त्या ठेवत राहिल्या. मग केव्हातरी बोटाच्या टोकाला एक बारीकशी थरथर लागली, मुंगीच्या चालीएवढी. गाणं चालूच राहिलं. ताईंनी बोट काढलं नाही. इतकी वर्षं जे त्यांच्या हाताखालून जात होतं, ते असं असतं होय! आणि त्यांनी एकदाही त्याला हाताशी येऊ दिलं नव्हतं. याचाही त्यांना राग आला. पण हा राग जरा हळू होता.

सोमवारी पहिलेच पोस्टमन काका. मॅडमनी त्यांच्या गुडघ्यात सुईने औषध सोडलं, ताई स्टुलावर बसल्या, चकती डाव्या-उजव्या दोन्ही हातांच्या बोटांवर तोलून धरली, अंगठा मोकळा. दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. मॅडम एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या.

काकांनी मान उचलली. "ताई, चालू आहे ना? माशी बसल्यासारखं वाटतंय."

"चालू आहे."

"जरा दाबा की. तुमचा तो हात कुठे गेला?"

ताईंनी चकती फिरवणं थांबवलं नाही, आवाज तेवढा चढवला. "काका, तो हात तुमच्या गुडघ्यात गेला नाही, माझ्या अंगठ्यात गेला! आता या हातातून जे येतंय ते घ्या गुमान. आणि चालू आहे का, असं यापुढे कुणी विचारलं, तर मी बंद करून घरी जाईन!"

काकांनी मान पुन्हा खाली टेकवली. मग हळूच म्हणाले, "बोलला असतात तर... आम्ही कशाला म्हटलं असतं दाबा म्हणून."

"मला तरी कुठे माहीत होतं?" ताई म्हणाल्या, आणि तेवढ्यापुरत्या निवळल्या.

स्टूल टिकलं. पण ताईंचं तेवढ्याने भागणार नव्हतं. संध्याकाळी विभाग रिकामा होत असताना त्या पुन्हा साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या. "साहेब, जुनं मशीन पडून आहे. माझ्या अंगठ्यावर फिरवायला कुणीतरी हवं. मला माझ्याच हाताने जमत नाही."

"कुणाला सांगू?"

"कुणाला सांगू नका. तुम्ही या."

साहेब आले. ताई टेबलावर हात पसरून बसल्या. साहेब स्टुलावर टेकले. स्टुलाला ताईंचा आकार होता, त्यामुळे ते जरा तिरपेच बसले. त्यांनी भसकन जेल ओतलं, चकती टेकवली आणि फिरवायला लागले.

जुन्या मशीनने अंगठ्याची गादी परत येणार नाही, हे ताईंना आता ठाऊक होतं. त्यांना तेवढ्यासाठी साहेब नकोच होते.

"साहेब, दाबताय."

"छे, नाही हो."

"दाबताय. बघा, तुमचा अंगठा वाकलाय."

साहेबांनी पाहिलं. खरंच वाकला होता. त्यांनी हात सैल केला. घटकाभराने त्यांचं मनगट भरून आलं. चकती डगमगायला लागली. त्यांनी वर पाहिलं. "झालं का, ताई?"

ताई डोळे मिटून बसल्या होत्या. "अजून नाही. आणि थांबू नका, थांबलात की एका जागी चटका बसतो. फिरवत राहा."